रॉडवर नाव घालताना: डीकल, इपॉक्सी आणि नाशिकची हवा

माझ्याकडे मासे धरायचा सात फुटांचा एक रॉड पडून आहे. हँडलच्या पुढे त्यावर ‘अण्णा’ असं लिहिलंय आणि अक्षरांच्या मागे मिठाईला वर्ख लावावा तशी चांदीची चमक आहे. बघणारे विचारतात, हा इफेक्ट कसा आणला? इफेक्ट कसला, डीकलखाली, म्हणजे नाव छापलेल्या पातळ फिल्मखाली, अडकलेली हवा आहे ती. चिकटवलं तेव्हाच मला दिसली होती. वर इपॉक्सीचे, म्हणजे वाळून काचेसारखा कडक होणाऱ्या पारदर्शक लेपाचे, दोन थर चढले की झाकली जाईल, असं वाटलं. पण गोल काठीवर इपॉक्सीचा थर फुगीर बसतो आणि भिंगाचं काम करतो. आधी टॉर्च मारून शोधावी लागणारी हवा आता चार फुटांवरून दिसते. ज्यांच्यासाठी बांधला ते शेजारचे अण्णा रॉड हातात फिरवत म्हणाले, “छान आहे रे. राहू दे तुझ्याकडेच.”

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की आहे. इपॉक्सी काही झाकत नाही, असेल ते मोठं करून दाखवतं. त्यामुळे खालच्या लेखात इपॉक्सी ओतण्याआधीच्या कामांना जास्त जागा गेली आहे. तुमचा रॉड बांधून झालाय, म्हणजे हँडल आणि रीळ सीट (रीळ अडकवायची जागा) बसलंय, गाईडना (दोरी ओवायच्या कड्यांना) धागा गुंडाळून झालाय, आता फक्त नाव, नक्षी आणि चकाकी राहिली आहे, असं धरून चालतो.

आधी कॅलेंडर बघा

रॉडचं इपॉक्सी दोन भागांचं असतं, रेझिन आणि हार्डनर. त्याला २१ ते २७ अंश तापमान आणि कोरडी हवा आवडते. आपल्याकडे अशी हवा दिवाळीच्या आसपास मिळते, आणि मग फेब्रुवारीत. बाकीचं वर्ष जुळवून घेण्याचं.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात झळकायला लागला की रात्री काम काढू नका. थंडीत रेझिन मधासारखं घट्ट होतं, बुडबुडे वर येत नाहीत आणि सकाळपर्यंत थर चिकटच राहतो. करायचंच असेल तर दोन्ही बाटल्या झाकणं घट्ट लावून दहा मिनिटं कोमट पाण्यात उभ्या ठेवा, आणि काम दुपारी करा. मे महिन्यात उलटा त्रास. तापमान १० अंशांनी वाढलं की हे मिश्रण साधारण दुप्पट वेगाने सेट होतं. पंचवीस अंशांना अर्धा तास हाताळता येणारं इपॉक्सी चाळिशीच्या दुपारी ब्रश फिरवता फिरवता दोर काढायला लागतं. त्या दिवसांत पहाटे पाचला उठायचं.

सगळ्यात वाईट जुलै-ऑगस्ट. हार्डनर हवेतला ओलावा धरतो आणि थरावर तेलकट, ढगाळ साय येते. धुवून ती बहुतेक वेळा निघते, पण तिच्यावर दुसरा थर चढवलात तर तो नीट धरत नाही. पावसाळ्यात मी ब्लँक (रॉडची मूळ, कोरी काठी) कापणं, कॉर्क घासणं, गाईड बांधणं उरकतो आणि फिनिश लांबणीवर टाकतो. अगदी अडलंच, तर बंद खोलीत साधा साठ वॉटचा पिवळा बल्ब दोन तास आधी लावून ठेवतो. हवा थोडी कोरडी होते.

कोणतं डीकल

रॉडवर नाव घालायचे चार-पाच मार्ग आहेत. पेंट मार्करने हाताने लिहिणं सगळ्यात सोपं, आणि अक्षर चांगलं असेल तर सगळ्यात देखणंही. माझं नाही. घासून उमटवायची अक्षरं मिळतात, पण देवनागरीत हवी तशी मिळत नाहीत. नंबर प्लेटवाल्याकडून व्हायनल (स्टिकरचं प्लॅस्टिक) कापून घेता येतं. ते जाड असतं, त्याची कड इपॉक्सीखाली पायरीसारखी दिसते, आणि पाच-सहा मिलिमीटरच्या अक्षरात वेलांटी कापायला गेलं की ती सुटूनच येते.

मी वॉटरस्लाइड वापरतो. लहानपणी सायकलवर पाण्यात भिजवून चित्रं चिकटवायचो, तोच प्रकार. कागदावर पाण्यात विरघळणारा गोंद, गोंदावर अतिशय पातळ फिल्म, आणि फिल्मवर आपली छपाई. कागद ऑनलाइन मागवावा लागतो. त्यात पारदर्शक आणि पांढरा असे दोन प्रकार, आणि प्रत्येकात इंकजेटचा वेगळा, लेझरचा वेगळा. इंकजेटचा कागद लेझरमध्ये घालू नका. लेझरच्या आतल्या उष्णतेने फिल्म वितळून रोलरला चिकटते, आणि मग झेरॉक्सवाल्याशी आपले संबंध पूर्वीसारखे राहत नाहीत.

कागद निवडण्याआधी ब्लँकचा रंग बघा. आपले कार्बन ब्लँक बहुतेक काळे किंवा गडद राखाडी. प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. स्क्रीनवर पांढरं दिसणारं अक्षर म्हणजे तिथे शाईच पडणार नाही. पारदर्शक कागदावर पिवळं नाव छापून काळ्या ब्लँकवर लावलंत तर ते गायब होतं, कारण ती शाई पारदर्शक असते आणि तिला मागून पांढरं लागतं. नाशिकरोडला टपाल तिकिटं आणि नोटा छापल्या जातात, आणि मी शहरभर चार दुकानं हिंडलो, तर प्रत्येक ठिकाणी काउंटरवरच्या पोराने मलाच विचारलं, “काका, पांढरं कसं छापू?”

उत्तर वारली चित्राने दिलं.

पांढरं छापायचं नाही, सोडायचं

आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला, पेठ-सुरगाण्याकडे, वारली वस्ती आहे. गेरूने सारवलेली भिंत आणि त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रं हे आपल्या डोळ्यांना ओळखीचं आहे. मला रॉडवर तीच पट्टी हवी होती: पाण्याकाठी गळ टाकून बसलेला एक माणूस, खाली तीन मासे, बाजूला तारपा वाजवणारा. पांढऱ्या कागदावर पांढरी चित्रं छापता येत नाहीत, पण गेरू छापता येतो. म्हणजे पट्टीभर गेरूचा रंग टाकायचा आणि माणूस, मासे, तारपा हे आकार कोरे सोडायचे. कागदाचं पांढरं तेच पिठाचं पांढरं. नावही तसंच, गेरूत कोरं सोडलेलं.

यात दोन अडचणी येतात. पट्टी कापली की कापलेल्या कडेला पांढरी रेघ दिसते. त्याच छटेचा पाण्याने न पुसणारा मार्कर घेऊन कड आडवी रंगवा, कागद अजून कोरडा असताना. दुसरी अडचण रेषांची. वारली माणसाचे हातपाय म्हणजे बारीक काड्या. चित्र लहान करत करत रॉडवर आणलं की चारी बाजूंची शाई आत पसरते आणि काडी बुजते. कोरी रेघ किमान अर्धा मिलिमीटर ठेवा. माझ्या पहिल्या पट्टीतला गळवाला हाताविना बसला होता, रॉड हवेत.

येवल्याच्या पैठणीचा मोर आणि नारळी काठही मी करून बघितलाय. छापताना सुरेख दिसतो, पण रॉडवर फार गजबज होते. मोर कागदावरच राहिला.

माप, आणि शिरोरेषेचा सापळा

जिथे नाव यायचं तिथे साध्या कागदाची अरुंद पट्टी ब्लँकभोवती गुंडाळा, जिथे कागद कागदावर येतो तिथे टोकदार पेन्सिलीने खूण करा आणि उलगडून मोजा. १२ मिलिमीटर जाडीच्या ब्लँकला साधारण ३८ मिलिमीटर घेर भरतो. एका नजरेत त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा वाचता येतो, म्हणजे साडेबारा मिलिमीटर. इंग्रजी नाव त्यात सहज मावतं. आपल्याला वर वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार, एवढ्यांची सोय करावी लागते. ‘सिंधू’ लिहून बघा. मधलं अक्षर सहा मिलिमीटर धरलं तर वरपासून खालपर्यंत शब्द दहाच्या आसपास जातो. म्हणून माप घेताना शब्दाची पूर्ण उंची घ्या. फाँट जाडसर, साधा. ज्यात जोडाक्षराची पोटं बारीक आहेत असा फाँट या मापाला भरून जातो.

आता सापळा. रोमन अक्षरं ब्लँकवर किंचित तिरकी बसली तरी डोळ्याला खटकत नाहीत, कारण वर सलग रेघ नसते. देवनागरीला शिरोरेषा आहे. पाच सेंटिमीटर लांब नाव एका टोकाला अर्धा मिलिमीटर खाली गेलं तरी भिंतीवर वाकडी टांगलेली तसबीर दिसावी तसं दिसतं. त्यात ब्लँक टोकाकडे निमुळता, त्यामुळे कडेला धरून सरळ लावायला गेलात तर फसाल. ब्लँकच्या मध्यरेषेला धरा. मी गाईडच्या ओळीच्या बरोबर विरुद्ध बाजूला, नावाच्या जागेच्या दोन्ही बाहेरच्या अंगांना मास्किंग टेपचे छोटे तुकडे लावतो आणि त्यावर एकेक बारीक खूण करतो. दोन खुणांमध्ये काळा दोरा ताणून धरला की शिरोरेषा कुठे यायला हवी ते कळतं.

साध्या कागदावर नाव छापून, कापून, टेपने लावून एक दिवस रॉड भिंतीला उभा ठेवा. येता-जाता बघा. मी अक्षरांची सुरुवात हँडलकडे आणि शेवट टोकाकडे ठेवतो. हे चुकीचं वाटलं तर आत्ताच बदला. आणि स्पेलिंग घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला लावा. आपलं आपल्याला दिसत नाही.

छापून झाल्यावर घाई नको

इंकजेटची शाई पाण्याने ओघळते, म्हणून तिला सील करावं लागतं. छापल्यावर तासभर कागद हात न लावता ठेवा. मग पारदर्शक अॅक्रिलिक स्प्रेचे तीन हलके हात, प्रत्येकात पंधरा-वीस मिनिटं. हलके म्हणजे कागद ओला दिसता कामा नये. फूटभर अंतरावरून हात फिरवत न्यायचा. पहिल्याच हाताला भरपूर मारलंत तर स्प्रेमधला सॉल्व्हंट शाई उचलतो आणि गेरूचे ओघळ पांढऱ्या माणसावर येतात. स्प्रे गच्चीत, वारा नसताना. शेवटचा हात झाल्यावर रात्रभर वाळू द्या. लेझरवर छापलं असेल तर सील करायची तेवढी गरज नसते, मी तरी एक हात देतोच. एकाच पानावर तेच नाव पाच-सहा वेळा छापून ठेवा. पहिलं जवळजवळ नेहमी फुकट जातं.

किनार आणि पाया

डीकलच्या दोन्ही टोकांना धाग्याची छोटी पट्टी असली की इपॉक्सी कुठे संपवायचं ते ठरतं आणि काम बांधीव दिसतं. कागदी नमुना ठेवून डीकलच्या लांबीपेक्षा दोन-दोन मिलिमीटर मोकळे सोडा आणि तिथून बाहेर सहा-आठ वेढे घ्या. काही जण डीकल लावून मग धागा बांधतात. मी आधी बांधतो. नंतर बांधताना बोटं डीकलवर टेकतात आणि धागा सरकवताना फिल्म खरवडते.

धाग्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. साधा नायलॉन धागा इपॉक्सी प्यायला की गडद आणि अर्धपारदर्शक होतो, लाल मरून होतो आणि पिवळ्यातून खालचा काळा ब्लँक दिसतो. रंग तसाच हवा असेल तर रंग न बदलणारा धागा घ्या किंवा आधी कलर प्रिझर्व्हर (धाग्याचा रंग टिकवणारं द्रव) लावा. गेरूच्या पट्टीला मी काळा धागा आणि मध्ये जरीचे तीन वेढे देतो. जरीचा धागा वापरणार असाल तर एका जुन्या काठीवर आधी बांधून, इपॉक्सी लावून, महिनाभर बघा. सगळेच जरीचे धागे सारखे नसतात, काही काळवंडतात.

आता पाया. बऱ्याच ब्लँकवर बारीक आडवे कंगोरे असतात, नख फिरवलं तर लागतात. काही ब्लँक मॅट असतात. या दोन्हींवर थेट डीकल लावलं की फिल्म कंगोऱ्यांच्या माथ्यावर बसते आणि खाचांमध्ये हवा राहते. अण्णांच्या रॉडचा वर्ख तो हाच. काचकागदाने कंगोरे घासून काढायचा मोह आवरा. कार्बनचे धागे कापले गेले की ब्लँक तिथेच मोडतो, आणि मोडतो तो नेमका मोठा कटला लागल्यावर. त्याऐवजी धाग्यासकट त्या सगळ्या भागावर इपॉक्सीचा एक पातळ थर द्या, मोटरवर फिरवा (कालवणं आणि मोटर, दोन्ही पुढे ‘इपॉक्सी’त येतं) आणि चोवीस तास वाळू द्या. हा थर आरशासारखा असायला हवा. पुढच्या थराला धरायला बरं म्हणून तो घासायला जाऊ नका, खडबडीत जागेवर डीकल पुन्हा चंदेरी होतं. दोन-तीन दिवसांच्या आत पुढचं काम केलंत तर न घासताही थर थराला धरतो.

थर द्यायच्या आधी, आणि डीकल लावायच्या आधी पुन्हा एकदा, ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आपल्या घरांत हे जास्त महत्त्वाचं. डोक्याला लावलेलं खोबरेल बोटांना असतं, बोटांचं ब्लँकला लागतं, आणि तिथे इपॉक्सी फाकून माशाच्या डोळ्यासारखं गोल छिद्र पडतं. माझं टेबल स्वयंपाकघराला लागून होतं तेव्हा दर रॉडला दोन-तीन डोळे ठरलेले. फोडणीचा तेलकट धूर अख्ख्या खोलीत बसतो हे कळल्यावर टेबल मागच्या खोलीत नेलं, डोळे थांबले.

पाण्यातली दहा मिनिटं

हे काम लिहायला लहान, करायला श्वास रोखून धरायला लावणारं.

डीकल छपाईच्या अगदी जवळून, पण शाईला धक्का न लावता कापा आणि कोपरे गोल करा. टोकदार कोपरा उचलला जातो. ताटलीत कोमट पाणी घ्या, कपडा ओला करून बाजूला ठेवा. डीकल पाण्यात टाकलं की आधी गुंडाळी होते. घाबरू नका, ती आपोआप उलगडते. तीस-चाळीस सेकंदांनी बाहेर काढून ओल्या कपड्यावर मिनिटभर ठेवा. गोंद सुटायला हा वेळ लागतो. बोटाने हलकेच ढकलून बघा. फिल्म कागदावर सरकली तर तयार, नाही सरकली तर ओढू नका, अजून थांबा.

रॉड आडवा, हलणार नाही असा. ज्या जागी नाव यायचं ती जागा मऊ ब्रशने पाण्याने भिजवा. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. आता कागदासकट डीकल ब्लँकला टेकवा आणि कागद खालून काढून घ्या. फिल्म हवेत उचलून ठेवायची नाही, सरकवायची. पाणी आहे तोवर ती बर्फावरच्या माशासारखी घसरते, तेवढ्यात शिरोरेषा दोऱ्याला जुळवा. जुळली की ओल्या ब्रशने मधून कडांकडे पाणी काढत जा. आधी मध्य, मग दोन्ही टोकं, शेवटी वरची-खालची कड. इयरबडने टिपा, पुसू नका.

पाच मिनिटांनी टॉर्च अगदी आडवी धरून बघा. कुठे चंदेरी ठिपका दिसला तर ही शेवटची संधी. बारीक सुईने त्यावर एक टोचा द्या, पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून त्याचा थेंब सोडा आणि ब्रशने दाबा. फिल्म मऊ पडून खाली बसते. खूप ठिपके असतील तर सरळ काढून टाका. पाच-सहा नावं छापली होती ती याचसाठी.

चोवीस तास वाळवा, पावसाळी हवा असेल तर अठ्ठेचाळीस. फिल्मखाली राहिलेलं पाणी इपॉक्सीखाली कायमचं ढगाळ होतं. वाळल्यावर कडांना गोंदाची पांढुरकी पूड दिसेल, ती ओल्या इयरबडने काढा आणि पुन्हा वाळू द्या. या टप्प्यापासून डीकलला अल्कोहोल दाखवायचं नाही. मी एकदा सवयीने शेवटचा हात म्हणून पुसलं आणि तारपावाला बोळ्यावर आला.

इपॉक्सी

मोटरपासून सुरुवात करू. मायक्रोवेव्हच्या काचेच्या थाळीखाली असते ती मोटर मिनिटाला पाच-सहा फेरे फिरते, आणि जुनी इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याकडे मिळून जाते. ती बहुतेक वेळा थेट घरच्या विजेवर चालते, म्हणून जोडण्या उघड्या ठेवू नका, आणि कधी उजवीकडे कधी डावीकडे सुरू झाली तर ती बिघडलेली नाही, स्वभावच तसा आहे. मी आता बारा व्होल्टची दहा फेऱ्यांची गिअर मोटर वापरतो. कारण असं की एका रात्री लाईट गेली, मोटर थांबली, आणि सकाळी नावाच्या खाली इपॉक्सीचं पोट लोंबत होतं. बारा व्होल्टची मोटर बॅटरीवर चालते. रॉडला आधार म्हणून द्राक्षांच्या खोक्यांना वरच्या कडेला इंग्रजी व्हीसारखी खाच पाडली की झालं. पिंपळगावकडे कुणी ओळखीचं असेल तर खोक्यांना तोटा नाही.

रेझिन आणि हार्डनर समसमान घ्यायचे, पण मापाने, वजनाने नाही. दोघांची घनता वेगळी असते, काट्यावर सारखं केलंत तर प्रमाण चुकतं. काम थेंबभर असलं तरी प्रत्येकी तीन मिलिलिटरपेक्षा कमी घेऊ नका. पाव मिलिलिटरची चूक तीनमध्ये पचते, एकमध्ये पचत नाही. मेडिकलमधल्या सिरिंजच्या दट्ट्याला रबर असतं आणि त्याला सरकायला सिलिकॉनचा हात दिलेला असतो. तेच सिलिकॉन इपॉक्सीत उतरून पुन्हा माशाचे डोळे पाडतं. रबर नसलेल्या, आख्ख्या प्लॅस्टिकच्या सिरिंज घ्या, रेझिनची एक आणि हार्डनरची एक, आणि त्यांवर मार्करने लिहून ठेवा. मेणाचा थर असलेल्या चहाच्या कागदी कपात कालवू नका.

कालवताना फेटायचं नाही. सपाट टोकाच्या पट्टीने कडा आणि तळ खरवडत सावकाश, घड्याळ लावून चार मिनिटं. आधी मिश्रणात धुरकट रेषा दिसतात, त्या पूर्ण गेल्या की झालं. लगेच ते अॅल्युमिनियमच्या फॉइलवर पसरून ओता, पोळ्या गुंडाळतो तीच फॉइल. खोल भांड्यात मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापून लवकर आवळतं. पसरट ठेवलं की जास्त वेळ मिळतो आणि बुडबुडे वर येऊन फुटतात. नायट्रिल हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. इपॉक्सीची अॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही, हे थट्टेत घेऊ नका.

मोटर सुरू करा. ब्रश भरून एका टोकाच्या धाग्यावर टेकवा आणि फिरणाऱ्या रॉडलाच इपॉक्सी ओढून घेऊ द्या. घासू नका, डीकलवर तर अजिबात नाही. दोन्ही धाग्यांच्या बाहेर दीड-दोन मिलिमीटर जाऊन थांबा. ती कड कापल्यासारखी सरळ हवी असेल तर आधी मास्किंग टेप लावा, पण इपॉक्सी सेट व्हायच्या आत, साधारण अर्ध्या तासात, मोटर चालू असतानाच टेप सोडवून घ्या. पातळ करायला थिनर किंवा अॅसिटोन घालू नका, ते सीलमधून शाईपर्यंत पोहोचतं.

थर किती? लावून झाल्यावर मोटर बंद करून रॉड तसाच एक मिनिट थांबवा. जादा असेल ते खाली गोळा होऊन ओघळाची रेघ दिसेल. ती कोरड्या ब्रशने टिपून घ्या, अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघा, मग मोटर चालू. पहिलटकर हमखास इथे चुकतात, जाड थर देऊन एकदाच उरकायला बघतात. मग मध्ये फुगलेला, टोकांना निमुळता, मृदंगासारखा आकार तयार होतो. फिल्मची कड एका थरात बुडत नाही, हे गृहीत धरा. दोन पातळ थर द्यायचेच आहेत.

राहिलेल्या बुडबुड्यांना शाळेच्या प्रयोगशाळेतल्यासारखा स्पिरिटचा दिवा. ज्योत रॉडच्या खालून, चार-पाच सेंटिमीटर अंतराने, झर्रकन न्यायची. थांबलात तर फिल्म भाजते आणि सुरकुतते. लायटर नको, काजळी धरतो. आणि अल्कोहोलची बाटली त्या टेबलावर नको, दुसऱ्या खोलीत.

आता पंखा बंद, दार बंद, मोटर किमान सहा तास चालू. फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या म्हणजे धूळ बसते. पावसाळ्याच्या तोंडावर ट्यूबलाइट बंद ठेवायला विसरू नका. पहिल्या सरीनंतर पंखवाली वाळवी येते, आणि तिला ओल्या इपॉक्सीइतकी आवडती जागा दुसरी नाही. माझ्या एका रॉडवर ‘सिंधू’च्या उकाराशेजारी एक पंख कायमचा आहे. मासे धरायच्या रॉडवर माशी म्हणून मित्र त्याला माशीवाला रॉड म्हणतात.

दुसरा थर चोवीस तासांच्या आसपास. पहिला आठवडाभर जुना झाला असेल तर मात्र हलक्या हाताने त्याची चकाकी घालवा, राखाडी स्कॉचब्राइटने किंवा एक हजार नंबरच्या वॉटर पेपरने, आणि ओल्या कपड्याने स्वच्छ पुसून मग थर द्या. आता घासण्याने नुकसान नाही, डीकल पहिल्या थराखाली सुरक्षित आहे. दुसऱ्या थरानंतरही फिल्मची कड बोटाला लागत असेल तर पूर्ण वाळल्यावर सहाशेने कड बसवा, हजाराने साफ करा आणि अगदी पातळ तिसरा थर द्या.

बिघडलं तर

चोवीस तासांनी नख रुतत असेल पण थर चिकट नसेल, तर थंडी आहे, थांबा, उबदार खोलीत ठेवा. चिकटच असेल आणि तीन दिवसांनीही तसाच राहिला, तर प्रमाण चुकलंय किंवा नीट कालवलं नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी सगळं खरवडायला निघालो होतो. गरज नसते. नीट मोजून केलेला नवा पातळ थर वरून दिला की चिकटपणा बऱ्याचदा खाली बंद होतो. ढगाळ साय असेल तर कोमट पाणी, साबणाचा थेंब आणि मऊ फडकं.

काढायचंच ठरलं तर हेअर ड्रायरने थर गरम करा, मऊ झाला की प्लॅस्टिकच्या पट्टीने सोलून काढा. हीट गन नको, जास्त उष्णतेने ब्लँकमधलंच रेझिन सैल पडतं. ब्लेडही ब्लँकवर आडवं फिरवायचं नाही. धाग्यावर लांबीच्या दिशेने वरवर चीर देता येते.

दुसऱ्या थरानंतर मी रॉडला पाच ते सात दिवस हात लावत नाही. गाडीच्या मागच्या काचेखाली उन्हात ठेवत नाही, आणि कापडी पिशवीत तर अजिबात घालत नाही. कोवळ्या इपॉक्सीवर कापडाची वीण उमटते. त्यानंतर रीळ चढवायचं. गंगापूर, दारणा, मुकणे, ज्या धरणावर जाणार तिथल्या पाण्याचा ठेका बहुतेक मच्छीमार सोसायटीकडे असतो, त्यांना विचारून बसा. नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्य आहे, तिकडे गळ नेऊच नका.

अण्णांचा दुसरा रॉड गेल्या फेब्रुवारीत झाला. गेरूची पट्टी, काळा धागा, जरीचे तीन वेढे, गळवाल्याला या वेळी दोन्ही हात. त्यांनी चष्मा वर सरकवून, उन्हात धरून, टोकाकडून हँडलकडे आणि हँडलकडून टोकाकडे दोनदा बघितलं. मग म्हणाले, “तो वर्खवाला पण दे.”